चार रेषांचा कागद

लोहारा, ता. उमरगा
१४ मार्च १९८६

भीमाशंकर,

वर 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तुझं उत्तर वाचून ठरवीन.

काल उमरग्याच्या एस.टी.ने तुझं पार्सल आलं. कंडक्टरने ते टपावरून उतरवलं तेव्हा स्टँडवरच्या लोकांनी आत बंदूक आहे असं ठरवूनही टाकलं होतं. शाळेची निवृत्त हेडमिस्ट्रेस बंदूक मागवते यात कुणालाच नवल वाटलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

शिवरात्रीला तू आला नाहीस. तुझ्याऐवजी तुझी गिटार आली आणि सोबत एक ओळ: "आत्या, ही तुमच्याकडे असू द्या." का असू द्या? याच वस्तूपायी तू बापाशी एक अख्खा पावसाळा बोलला नव्हतास. म्हणजे पाऊस पडला असता तर पावसाळा म्हणता आलं असतं.

मी पेटी उघडली. माझ्या घरात आलेली पेटी मी उघडणारच. अस्तराखाली दोन कागद निघाले, दोन्ही तुझ्या अक्षरातले. चार-चार रेषा आणि त्यांवर आकडे. शून्य, तीन, पाच, पाच, सात. इथं टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकासुद्धा एकमेकींच्या कानात मटक्याचा आकडा सांगतात. तेव्हा मला काय वाटलं असेल ते तूच समज. हे संगीत आहे असं सांगणार असशील तर जपून सांग. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांची पट्टी बोटांवर खाऊन मी पियानो शिकले आहे. संगीताला पाच रेषा लागतात आणि त्यांवर आकडे नसतात.

तुझा बाप तुला पुण्याहून उठवून त्याच्या पाणी-सोसायटीचा सेक्रेटरी करायला टपलेला आहे. "पोरगा इंजिनिअर होईल, जबाबदारी माझी," असं मी त्याला त्याच्याच ओसरीवर सांगितलं होतं. पोरगा मटका लावत असेल तर ती जबाबदारी मी घेणार नाही. बसप्पाला सांगीन, आणि मग तुझं कॉलेज संपलं असं समज.

तुझी आत्या,
शांतम्मा


पुणे
२१ मार्च १९८६

ती. आत्यास सा. नमस्कार.

मटका नाही. शपथेवर सांगतो.

त्या लिखाणाला टॅब्लेचर म्हणतात. हॉस्टेलमधल्या एका मित्राकडे परदेशी मासिक येतं, त्यातून एका रॉक गाण्याचा बासचा भाग मी उतरवून घेतला. बास गिटारला चार जाड तारा असतात. एक रेषा म्हणजे एक तार. आकडा म्हणजे दांडीवरचा कितवा पडदा (सतारीला असतो तसा) दाबायचा ते. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची. सूर कोणता आहे हे तो कागद सांगत नाही, बोट कुठं ठेवायचं एवढंच सांगतो.

हॉस्टेलमध्ये चोऱ्या होतात म्हणून गिटार पाठवली. परीक्षाही जवळ आली आहे. दुसरं काही नाही.

अप्पांना कृपा करून काही सांगू नका.

आपला,
भीमा


लोहारा
३ एप्रिल १९८६

भीमाशंकर,

दोन वाक्यांत तू दोन कारणं दिलीस. खऱ्या गोष्टीला एक कारण पुरतं.

तुझी परीक्षा घ्यायचा मार्ग मला सापडला. तो कागद संगीताचा असेल तर वाजवल्यावर गाणं निघेल. मटक्याचा असेल तर निघणार नाही. यात तुझ्या शपथेची गरज पडत नाही. म्हणून मी ती गिटार मांडीवर घेतली. ती इतकी जड आहे की घेऊन उठता येत नाही. आणि आवाज म्हणशील तर बंद डब्यात उंदीर फिरावा तेवढा. मग एकदा दांडीचं टोक चुकून कपाटाला टेकलं आणि कपाटच बोलायला लागलं. आतल्या बशासुद्धा. तेव्हापासून कपाटाला टेकूनच वाजवते. शेजारची इरम्मा घागर घेऊन निघाली होती, ती दारात थांबली.

"बाई, कपाटाच्या पोटात दुखतंय का?"

"माझ्या भाच्याचं खरं-खोटं बघते आहे."

"काय म्हनतंय मंग?"

"अजून खोटंच म्हणतंय."

कारण पहिलं पान मी वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत, तू सांगितलंस तसं, एकेक आकडा लावून वाजवलं. गाणं तर सोडाच, त्यातून मठातल्या भजनाचं पालुपदसुद्धा निघालं नाही. सलग आठ दिवस प्रयत्न केला. बोटांची टोकं भाजल्यासारखी झाली आहेत. आता तू बोल.

शांतम्मा


पुणे
१० एप्रिल १९८६

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुम्ही वाजवून बघाल असं मला वाटलंच नव्हतं. आता सगळं नीट सांगतो. गिटार विजेवरची आहे, स्पीकरला जोडल्याशिवाय तिचा आवाज येत नाही.

कागद उलटा वाचावा लागतो. सगळ्यात खालची रेषा म्हणजे सगळ्यात जाड तार, आणि गिटार मांडीवर घेतली की ती जाड तार तुमच्या हनुवटीच्या बाजूला येते. सगळ्यांची पहिल्यांदा तीच चूक होते. तारा लावून घ्या: जाड तारेचा पाचवा पडदा आणि तिच्या शेजारची मोकळी तार यांचा सूर एकच आला पाहिजे. पुढच्या तारांचंही तसंच.

आणखी एक. कोणता आकडा किती वेळ धरायचा ते त्या कागदावर नसतं. त्यासाठी गाणं ऐकावं लागतं. सोबत कॅसेट पाठवतो आहे, पहिलंच गाणं. गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्या खाली भिंत हलल्यासारखा जो आवाज येतो तो बास. आणि सुरुवात पहिल्या बोटाने पाचव्या पडद्यावर करा, मग करंगळी आपोआप आठव्यावर पोचते. हात हलवायचा नाही, बोटंच पसरायची.

दुसरं पान कच्चं आहे, त्यात काही नाही. फाडून टाका.

भीमा


लोहारा
३० एप्रिल १९८६

भीमा,

'शंकर' गाळला आहे, यावरून काय ते समज. पहिलं पान खरं निघालं.

रामकिसन मास्तरांचा टेपरेकॉर्डर आणला. तुझा गाणारा घशात काटा अडकल्यासारखा ओरडतो, त्यामुळे खालची भिंत मला ऐकूच येईना. शेवटी टेपरेकॉर्डर पाण्याच्या रिकाम्या पिंपात ठेवला. पिंपाला सध्या तेवढंच काम आहे. त्यात मात्र तुझा बास असा घुमला की मी दचकले. मग कागद समोर, कान पिंपात आणि दांडी कपाटाला, असा माझा अभ्यास चालू झाला. वीज असली तर दुपारी, नसली तर आठवणीतून. पहिलं पान आता मला बऱ्यापैकी येतं. करंगळी रडकुंडीला येते, पण आठव्या पडद्यावर पोचते. मी वाजवते आणि कॅसेट वाजते ते एकच असतं. ज्याने हे शोधून काढलं त्याला पाचवी रेषा का परवडली नाही कोण जाणे, पण तो लबाड नव्हता एवढं मान्य करते.

काल मी त्यातच गुंतले होते आणि बसप्पा दारात.

"अक्का, कपाटात कोन हाय?"

"तुझ्या लेकाची गिटार."

"ती तुझ्याकडं कशी? सोडलं व्हय त्यानं खूळ? लई बेस झालं. सोसायटीत खुर्ची रिकामीच हाय."

"खुर्चीच काय, तुझ्या सोसायटीची विहीरही रिकामीच आहे. पाइपलाइन टाकून बसलात आणि पाणी कुठंय?"

"पाऊस पडला की येईल पानी. तवर पोरगं कागदं तर लिवील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "शिवरात्रीला आला न्हाय. आता बसव जयंतीलाबी येत न्हाय म्हनून लिवलंय. अक्का, तुला काय म्हाईत असलं तर सांग. म्या बाप हाय त्याचा."

मला काही माहीत नाही असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं म्हणून मला राग आला.

आता दुसरं पान. फाडून टाका म्हणालास म्हणून मी ते जपून ठेवलं. वाजवूनही पाहिलं. त्यात गाणं तेच आहे. पहिल्या पानाचेच सूर, पण वेगळ्या जागी. पहिल्या पानावर हात एका ठिकाणी बसून जे काम करतो, तेच काम दुसऱ्या पानावर बेडकासारखा उड्या मारत करतो. या तारेवर आठव्या पडद्यावर सरळ मिळणारा सूर तू पलीकडच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर जाऊन घेतला आहेस. सोपं सोडून अवघड कोण लिहून ठेवतं? आणि ते गाण्याच्या मध्यावर तुटलं आहे. पुढे रेषा आखल्या आहेत आणि आकडे नाहीत.

यात काहीतरी आहे. पहिलं पान मला दाखवायला आणि दुसरं भलत्या कामाला, असं तर नाही? बसप्पा पुन्हा येईल तेव्हा मला त्याला काहीतरी सांगावं लागेल. ते काय असावं ते तू ठरव.

शांतम्मा


पुणे
८ मे १९८६

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुम्ही बरोबर ओळखलंत. दुसरं पान आकड्यांचंच आहे. गाण्यासारखं दिसावं म्हणून तसं लिहिलं. चूक झाली.

अप्पांना सांगा. मला न्यायला जीप पाठवायची गरज नाही, परीक्षा झाली की मी एस.टी.ने येतो. सोसायटीची खुर्ची मला चालेल. गिटार मठाला किंवा कुणालाही देऊन टाका. आता ती वाजवू नका, तुमची बोटं खराब होतील.

तुम्ही माझी जबाबदारी घेतली होतीत, त्याबद्दल क्षमा मागतो.

भीमा


लोहारा
१९ मे १९८६

भीमा,

माझ्या नोकरीत मी खोटं बोलणाऱ्या मुली पुष्कळ पाहिल्या. त्या सगळ्या सुटण्यासाठी खोटं बोलायच्या. अडकण्यासाठी खोटं बोलणारा तू पहिलाच.

मटक्याचे आकडे कॅसेटवरच्या गाण्याशी सुरासुराने जुळत नाहीत. मी दुसरं पान वाजवून पाहिलं आहे असं तुला लिहिलं होतं. तू ते वाचलं नाहीस, किंवा वाचून घाबरलास. तुझं पत्र आलं त्या दिवशी बसप्पा इथंच चहा पीत बसला होता. पाकिटावरचं अक्षर त्याने ओळखलं. "काय म्हनतो?" "अभ्यास चालू आहे म्हणतो." मी तुझ्यासाठी खोटं बोलले. ते मला अजून पचलेलं नाही, म्हणून सगळं मुळापासून शोधायला बसले.

जो मुलगा या गिटारीसाठी बापाशी भांडला तो ती 'कुणालाही देऊन टाका' म्हणतो. ज्याने सोसायटीला नावं ठेवायचं बाकी ठेवलं नाही तो 'खुर्ची चालेल' म्हणतो. पोरीचं प्रकरण असतं तर तू पुणं सोडायला तयार झाला नसतास. नापास झाला असतास तर परीक्षेचं नाव काढलं नसतंस. सगळं मोजून पाहिलं, काही बसेना.

मग मला नखुरडं झालं. डाव्या हाताच्या करंगळीला, तुझ्या त्या आठव्या पडद्यामुळे. सूज शेजारच्या बोटापर्यंत पोचली म्हणून इरम्माने दोन्ही बोटं हळद-तेलाच्या पट्टीत एकत्र बांधली. "आता ते कपाट गप ठिवा बाई," म्हणाली. ती गेल्यावर मी गिटार घेतली. पहिलं पान जमेना, ते जमणारच नव्हतं. अंगठ्याजवळची दोनच बोटं मोकळी होती. मग मी दुसरं पान समोर ठेवलं.

ते वाजलं. कुठंही न अडकता, पहिल्या ओळीपासून तू थांबलास तिथपर्यंत. मला ज्या बेडूकउड्या वाटल्या होत्या त्या उड्या नव्हत्याच. जिथं तिसरं बोट लागलं असतं तिथं मोकळी तार होती. जिथं करंगळी लागली असती तिथं पलीकडची तार होती. त्या पानावर एकही जागा अशी नाही की जिथं दोन बोटांपेक्षा जास्त लागतील. मी पुन्हा वाजवलं, आणि मग मला पुढे वाजवता आलं नाही.

तू उजव्या हाताने लिहितोस. तुझ्या पत्रांवरून काही कळणार नव्हतं.

भीमा, तुझ्या डाव्या हाताला काय झालं आहे?

शांतम्मा


पुणे
२७ मे १९८६

ती. आत्या,

फेब्रुवारीत, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. पत्रा कापायच्या यंत्रावर. चूक माझीच होती, मी मागे वळून कुणाशी तरी बोलत होतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मुळापासून नाही, मधल्या पेरापासून. मित्रांनी दवाखान्यात नेलं, सगळं केलं. जखम भरली आहे. दुखत नाही, फक्त गार पाणी लागलं की कळतं.

शिवरात्रीला यायला निघालो होतो. सोलापूरला उतरलो, आणि लोहाऱ्याला जाणारी गाडी लागली होती तरी परतीच्या गाडीत बसलो. अप्पा काय म्हणतील ते मला पाठ होतं. यंत्राने बोटं नेली, आता घरी चल. आणि ते म्हणाले असते तर मी आलो असतो, हीच भीती होती.

ते दुसरं पान दवाखान्यातून आल्यावर लिहायला घेतलं. अर्ध्यावर वाटलं, आपण कुणाला फसवतोय? मग पेटी बंद करून तुमच्याकडे पाठवली. कागद आत राहिला हे लक्षात नव्हतं.

मटक्याचं कबूल केलं कारण ते सांगणं सोपं होतं.

भीमा


लोहारा
४ जून १९८६

चि. भीमा यास अनेक आशीर्वाद.

मटकेवाला म्हणवून घ्यायला तुला लाज वाटली नाही आणि हात दाखवायला वाटली. याला मी काय म्हणू? तू जवळ असतास तर सिस्टरांची पट्टी मी तुझ्या शाबूत बोटांवर वापरली असती. आजारपणात तुला दूध कुणी दिलं, ताप आला का, टाके कुणी काढले, यातलं एक अक्षर तू लिहिलं नाहीस. ते सगळं सविस्तर लिही. मला ते कळायला हवं.

बसप्पाला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तू सांगायचं, समोर उभं राहून, हात पुढे करून. तो 'घरी चल' म्हणाला तर 'नाही' म्हणायचं. इंजिनिअरचं ड्रॉइंग उजव्या हाताने निघतं आणि हिशेब डोक्याने होतो. ती दोन्ही तुझ्याकडे आहेत, पैकी दुसऱ्याचा वापर तू कमी करतोस. खुर्ची चालेल म्हणे. ज्या सोसायटीच्या पाइपांत सरडे राहतात तिथं तू सेक्रेटरी म्हणून काय लिहिणार होतास, सरड्यांची हजेरी?

गिटार उद्याच्या गाडीने परत पाठवते आहे. मठाला ती नको आहे, मी विचारलंसुद्धा नाही.

पेटीत आता तीन पानं आहेत. दुसरं पान जिथं थांबलं तिथून पुढचं मी लिहिलं आहे. नखुरडं फुटून बरं झालं तरी दोन बोटं बांधून ठेवली आणि प्रत्येक आकडा त्या हाताने वाजवून मगच कागदावर घातला. रेषा पट्टीने आखल्या आहेत, तुझ्यासारख्या वाकड्या नाहीत. शेवटाकडे एक जागा फार अवघड गेली. तिथं बास एकटाच वर चढत जातो आणि हात पुरत नाही. इरम्माला ऐकवून ऐकवून तिला ते पाठ झालं आहे, ती घागर भरताना गुणगुणते. अखेर मधली एक तार मोकळी सोडून तो श्वासभर वेळ मिळवला आणि तेवढ्यात हात वर नेला. जमतं.

बसप्पाला भेटून आलास की कळव.

आत्या


पुणे
२६ जून १९८६

ती. आत्यास सा. नमस्कार.

घरी जाऊन आलो. तुमच्याकडे न येता परत यावं लागलं, त्याचं कारण पुढे लिहितो.

अप्पा गोठ्यात होते. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बैलाचा खूर बघतात तसा उलटा-सुलटा करून बघितला. "दुखतंय का?" "नाही." "कवा झालं?" सांगितलं. मग कडब्याच्या पेंढीवर बसले आणि म्हणाले, "घरी चल." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "म्या इचारलं न्हाय, सांगितलं." मी पुन्हा नाही म्हणालो. तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "मंग पास तरी हो. खुर्ची कुनाला तरी दिऊन टाकतो."

नंतर जेवताना त्यांना कळलं की तुम्हाला आधी माहीत होतं. त्यावर मात्र ताट सरकवलं. "अक्काला आधी आन बापाला मागनं?" तुमच्याकडे जायचं नाही म्हणाले आणि मला थेट उमरग्याच्या स्टँडवर आणून सोडलं. त्यांचा राग तुमच्यावर निघाला, तो माझ्यामुळे. मला फार वाईट वाटतं.

गिटार पोचली. पहिले काही दिवस पेटी उघडली नाही. मग तिसरं पान बघायला म्हणून उघडली. पाहता पाहता वाजवायला घेतलं. उरलेली दोन टोकं तारांना लागू द्यायची नाहीत, हे शिकायला वेळ लागतो आहे. चढाच्या जागी तुम्ही जी मोकळी तार सोडलीत ती मला सुचली नसती.

एक मात्र सांगतो, रागावू नका. तिसऱ्या पानाच्या खालून दुसऱ्या ओळीत तुम्ही शून्यानंतर चार लिहिला आहे. तिथं तीन पाहिजे. त्या जागी गाणारा जोरात ओरडतो, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं.

भीमा


लोहारा
२ जुलै १९८६

चि. भीमा,

कार्डावर लिहिते आहे, पोस्टमनने वाचलं तरी हरकत नाही. तिथं चारच आहे. तीनवरून पुढच्या जागेला जाणं तुला सोपं पडतं म्हणून तुला तीन ऐकू येतो, असा माझा दाट संशय आहे. रविवारी सकाळी स्वारगेटला उतरते. समोर बसून वाजवून दाखव, मग बघू. बसप्पा बरोबर आहे. तो माझ्याशी अजून बोलत नाही, पण तिकिटं त्यानेच काढली आहेत, आणि मला खिडकीची जागा द्यायची नाही असं इरम्माजवळ सांगून गेला आहे.

आत्या